माझ्यासारखी दुसरी बाई

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरला आहे अशी माणसं कुणाकडून तरी माझा पत्ता काढून येतात. साताऱ्याच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत बसतात. मी उठून आत जाते, पाणी घेऊन येते, आणि तेवढ्या वेळात त्यांचं सगळं लक्ष माझ्या पायांकडे असतं. मग त्यांच्यातलं कुणीतरी विचारतं, "मॅडम, त्या सांगलीच्या उपचारानंच बऱ्या झालात ना तुम्ही?"

नुसतं हो म्हटलं तर त्यांना धीर येईल, हे मला कळतं. पण मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि या एका प्रश्नाच्या मागे माझी काही वर्षं गेली आहेत. त्याचं उत्तर दोन वाक्यांत बसत नाही. ज्यांचं माणूस दवाखान्यात आहे त्यांना लांबण लावून ते ऐकवणंही बरं दिसत नाही. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

जिना

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रहिमतपूरला, माझ्या सासरी होतो. परतताना माझं पोट बिघडलं होतं. जुलाब थांबले, मी विसरूनही गेले. थोड्या दिवसांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग एका सकाळी कॉलेजच्या वाटेवर पायातली चप्पल निसटली आणि मला कळलंच नाही. अनवाणी पायानं बरीच पुढे गेल्यावर रस्त्याकडे लक्ष गेलं. त्याच दिवशी जिना चढताना कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला.

घराजवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीची इंजेक्शनं दिली. त्यांचा दोष नाही, मीही तेच समजत होते. दुसऱ्या दिवशी भाजी निवडायला खाली बसले ती उठूच शकले नाही. माझे यजमान प्रकाश पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. ते कामावर निघाले होते. त्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं, तर गुडघे ओल्या फडक्यासारखे मुडपले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली. तोही हलला नाही. मनगटावर, कोपरावर मारून पाहिली. तोपर्यंत ते माझ्याशी कॉलेजबद्दल गप्पा मारत होते. ते गप्प झाले. मला निदानाचा दिवस म्हणून आठवते ती ही शांतता. आजाराचं नाव मागाहून आलं.

जीबीएस. अंगातली रोगाशी लढणारी ताकद चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. पायांपासून सुरू होतं, वर वर चढतं. छातीपर्यंत आलं तर श्वास थांबू शकतो. "पण बहुतेक लोक यातून बरे होतात," ते म्हणाले. मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" त्यांनी प्रकाशकडे बघितलं. मी कोणता विषय शिकवते ते त्यांना मघाशीच सांगितलं होतं.

व्हरांड्यातलं बोलणं

दुसऱ्या दिवशी हात गेले. चमचा तोंडापर्यंत येईना. बोलताना वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागायला लागला.

डॉक्टरांनी प्रकाशना बाहेर बोलावलं. दार अर्धं उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, दोन वाटा आहेत. इथेच ठेवू. श्वासाचं यंत्र आपल्याकडे आहे, गरज पडली तर लावू आणि आजार आपोआप उतरायची वाट पाहू. नाहीतर सांगलीला न्या. तिथे डॉक्टर सबनीस रक्तातला प्लाझ्मा बदलायचा उपचार करतात. तो उपयोगी पडतो असं म्हणतात. पण रस्ता लांबचा आहे, आणि यांचा श्वास रस्त्यात कधी बिघडेल ते मी सांगू शकत नाही.

डॉक्टर गेल्यावर प्रकाशचे थोरले भाऊ बोलले. सगळे त्यांना दादा म्हणतात. दादांनी फौजेत दवाखान्याच्या तुकडीत नोकरी केली होती, निवृत्त होऊन रहिमतपूरला घरचा ऊस बघत होते.

"हलवू नगंस तिला," दादा म्हणाले. "मी तिकडं ह्येच काम केलंय. असलं माणूस गाडीत घालायचं नसतंय."

"दादा, तिकडं उपचार हाय. हितं नुसती वाट बघायची."

"वाट बघायची तर बघायची. डागदरच म्हणतोय न्हवं, बरी हुईल म्हणून?"

"आणि न्हाई झाली तर?"

"रस्त्यात गेली तर काय करशील रं? नव्या औषधाचा परयोग करायला बायकूच घावली व्हय तुला?"

 प्रकाश म्हणाले, "तुझी बायकू असती तर तू आत्तापतोर न्हेली असतीस."

दादांची पावलं जिन्याकडे गेलेली मला ऐकू आली. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. शेत एक, आई एक, आणि बोलणं नाही.

रस्ता

कराडच्या अलीकडे माझा श्वास बिघडला. छातीवर कुणी पोतं ठेवावं तसं झालं. सोबत आलेल्या नर्सबाईंनी गाडी थांबवून माझ्या घशात नळी घातली आणि तिला रबरी फुगा जोडला. तो दाबला की माझ्या छातीत हवा जायची, सोडला की बाहेर यायची. त्यांच्या हाताला कळ लागली तेव्हा प्रकाशनी फुगा घेतला. तिथून सांगलीपर्यंत मी श्वास घेतला तो त्यांच्या हातानं. मी पूर्ण शुद्धीवर होते. खिडकीच्या वरच्या पट्टीतून फक्त झाडांचे शेंडे दिसत होते, आणि प्रकाश स्वतःशीच ताल धरल्यासारखे "हां... हां..." म्हणत होते.

डोळे

सांगलीला मला यंत्रावर घेतलं. पुढे गळ्याला भोक पाडून नळी तिथून घातली. आता हात, पाय, मान, ओठ काहीच हलत नव्हतं. पापण्या तेवढ्या हलायच्या. आणि दुखायचं. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते. अंग लुळं पडतं म्हणजे बधिर होतं असं लोकांना वाटतं. मला चादरीची घडी पाठीखाली टोचायची आणि ते सांगता यायचं नाही. तुमच्या घरचं माणूस या अवस्थेत असेल तर ते सगळं ऐकतंय आणि त्याला सगळं टोचतंय, असं धरून चाला.

प्रकाशनी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणली. ते एकेका अक्षरावर बोट ठेवायचे, हवं ते आलं की मी डोळे मिटायचे. "कूस" एवढा शब्द होईपर्यंत मला घाम फुटायचा. माझ्या सासूबाई, आत्या म्हणते मी त्यांना, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या सरळ विचारायच्या. "पाठीखाली टोचतंय? कान खाजतोय? पाय सरळ करू? माश्या?" आणि मी हो-नाही करायचे. आत्या रहिमतपूरहून आल्या त्या तिथेच राहिल्या. दुपारी माझ्या केसांना तेल लावताना घरातल्या म्हशीचं, शेजारणीच्या सुनेचं सांगायच्या, मी उत्तर देत असल्यासारखं.

दिवसाआड प्लाझ्माचं काम चाले. रक्त बाहेर काढायचं, त्यातला पिवळसर द्रव टाकून द्यायचा, दुसऱ्यांच्या रक्तातला तसाच द्रव घालून ते परत अंगात सोडायचं. त्या वेळी इतकी थंडी वाजायची की दात वाजले असते, वाजवण्याची ताकद असती तर. रक्त द्यायला रहिमतपूरहून एसटीनं माणसं यायची. एके दिवशी आत्या म्हणाल्या, "थोरला आलावता. रगात दिऊन गेला." दादा रक्तपेढीच्या बाकावर बसलेले प्रकाशनी पाहिले होते. दादांनीही त्यांना पाहिलं होतं. दोघंही दुसरीकडे बघत राहिले, असं प्रकाशनीच मला पुढे सांगितलं.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर तासगावचे एक द्राक्षबागायतदार होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वय झालेलं, मधुमेह जुना, आणि घरीच मालिश करत बसल्यामुळे दवाखान्यात फार उशिरा आलेले. त्यांनाही हाच आजार, हाच उपचार. आले तेव्हा त्यांचा आवाज शाबूत होता. पडद्यापलीकडून ते माझ्याशी बोलायचे.

"बाई, तुमचं माहेर वाई व्हय? म्हंजी पाण्याची माणसं तुमी. आमी टँकरवाली." मग बागेची छाटणी, बेदाण्याच्या शेडमधला वास, मुलगा औषध फवारताना तोंडाला फडकं बांधत नाही याची तक्रार. "ऐकताय न्हवं? ऐकत असला तर गप ऱ्हावा," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मग त्यांचाही आवाज गेला, पडद्यापलीकडे दुसरं यंत्र सुरू झालं. माझ्या पायाचा अंगठा पहिल्यांदा हलला त्या आठवड्यात अण्णांच्या छातीत जंतू झाले, आणि ते गेले. दुपारची वेळ होती. पडद्याखालून त्यांच्या मुलाचे पाय दिसत होते. तो खूप वेळ तसाच उभा होता. मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात नव्हता. आत्यांनी पदरानं पुसले.

उतार

हा आजार चढतो भराभर आणि उतरतो मात्र फार सावकाश. यंत्र सुटलं, गळ्याचं भोक बुजलं, आवाज आला तो घोगरा. घरी आले तेव्हा मला धरून बसवावं लागत होतं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज यायच्या. त्या कौतुक करत नसत, फक्त "पुन्हा" म्हणत. चाकांच्या वॉकरवरून काठीवर, काठीवरून भिंतीवर. पुन्हा वर्गात उभी राहिले तेव्हा पुढचा पावसाळा संपून गेला होता. तळपाय आजही अर्धे बधिर आहेत. खडा रुतला तर दिसल्यावर कळतं.

घरात एक वेगळंच दुखणं राहिलं. रहिमतपूरला सणाला जायचं बंद झालं. कुणी भेटायला आलं की प्रकाश म्हणायचे, "सांगलीला नेलं म्हणून ही वाचली." तिकडे दादा गावात म्हणायचे, "रस्त्यात मरता मरता वाचली. हितं ठेवली असती तर तेवढा बी धोका न्हवता." दोन्ही वाक्यं माझ्याबद्दल होती आणि मला कुणी विचारत नव्हतं. आत्या आलटून पालटून दोन्ही घरी राहायच्या आणि दोन्हीकडे गप्प असायच्या.

डॉक्टरांचं काम

तपासणीला सांगलीला गेले असताना डॉक्टर सबनीस म्हणाले, "मॅडम, तुमच्या विषयातलं काम आहे. जमेल का बघा."

त्यांनी प्लाझ्मा दिलेल्या पेशंटांची माहिती साठवली होती. सातारा आणि कराडकडच्या त्यांच्या डॉक्टर मित्रांकडे उपचार न दिलेल्यांची होती. दोन्हीकडच्यांची सरासरी काढून त्यांनी ती एका सभेत मांडली होती.

"एक वयस्कर डॉक्टर उठले," सबनीस म्हणाले. "म्हणाले, सांगलीला कोण येतं? ज्याला प्रवास झेपतो तो. नाहीतर फारच बिघडला म्हणून धाडलेला. मग तुम्ही कुणाशी कुणाची तुलना करताय?"

"बरोबर विचारलं त्यांनी," मी म्हटलं. "आधीच चिठ्ठ्या टाकून कुणाला उपचार द्यायचा ते ठरवलं असतं तर प्रश्न नव्हता. आता होऊन गेलेल्या गोष्टींना चिठ्ठ्या टाकता येणार नाहीत."

"मग काय करता येईल?"

"माणसासारखं माणूस शोधायचं. उपचार मिळालेल्या प्रत्येकाला न मिळालेल्यांतला एक जोडीदार. वय, बाई की पुरुष, आधी जुलाब झाले होते का, मुंग्या आल्यापासून किती दिवसांनी आला, आला तेव्हा किती लुळा होता, श्वास होता का, मधुमेह आहे का. एवढं जुळलं की मग कोण कधी चाललं ते बघायचं."

पण मी त्यांना एक अडचणही सांगितली. त्या माहितीत मी स्वतः होते, आणि मला उत्तर काय हवं होतं ते मला माहीत होतं. म्हणून असं ठरलं की जोड्या लावेपर्यंत कोण बरं झालं, कोण दगावलं, ही माहिती माझ्यासमोर यायची नाही. नावंही यायची नाहीत. जोड्या पक्क्या झाल्यावर सांगलीतल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांनी निकाल त्यांना जोडायचे.

सबनीसांच्या मदतनिसांनी आधी एक प्रयत्न केला होता. पहिला पेशंट घ्यायचा, त्याच्या सगळ्यांत जवळचा जोडीदार देऊन टाकायचा, मग दुसरा. यात सुरुवातीचे खूश होतात आणि शेवटच्यांच्या वाट्याला कसेही उरतात. तरुण मुलाच्या गळ्यात म्हातारा पडतो. मी सगळ्या जोड्या एकदम लावायचं ठरवलं. प्रत्येकाचा प्रत्येकाशी किती फरक आहे तो मांडायचा, आणि सगळ्या जोड्यांतले फरक मिळून कमीत कमी होतील अशी मांडणी शोधायची. मग एखाद्याला त्याच्या सगळ्यांत जवळचा जोडीदार मिळत नाही, कारण तो दुसऱ्या कुणाला जास्त गरजेचा असतो. त्याला थोडा लांबचा चालतो. एकूण मात्र कुणाचंच फार बिघडत नाही.

कॉलेजातल्या कॉम्प्युटरला हे काम जड होतं. तासन्‌तास चालायचं, आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जोड्या लागल्या. दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या. वय, अशक्तपणा, श्वास, सगळं जवळजवळ सारखं आलं. त्या संध्याकाळी मी आत्यांना सांगितलं, "जुळलं." त्या म्हणाल्या, "कुणाचं?"

ज्यांना जोडी नाही

काही माणसांना जोडी लागेना. एक तर अगदीच वेगळा होता. वय फार, मधुमेह जुना, आलेला फार उशिरा. उपचार न मिळालेल्यांत त्याच्यासारखा जवळपासचाही कुणी नव्हता. कॉम्प्युटरनं त्याला सगळ्या मांडण्यांमध्ये बाहेर ठेवलं. नाव नव्हतं, पण ते अण्णा आहेत हे ओळखायला मला नावाची गरज नव्हती. माझ्यासमोर निकाल यायचे नाहीत असं ठरलं होतं, तरी हा एक निकाल मला आधीच माहीत होता.

अण्णांना वगळलं की उपचार घेतलेल्यांमधला एक मृत्यू कमी होतो. उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसायला लागतो. आणि अण्णांना बळंच कुणाशी जोडलं तर ती जोडी खोटी ठरते. मी तडक सांगलीला गेले.

सबनीसांनी ऐकून घेतलं. त्यांचा तो उपचार होता, बरीच वर्षं त्यांनी त्यात घातली होती. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यांच्या मुलाला मीच सांगितलं होतं, वडील बरे होतील म्हणून."

"जोडी लावायला नको," मी म्हटलं. "पण ज्यांना जोडी मिळाली नाही ते कोण होते आणि त्यांचं काय झालं, हे वर, सुरुवातीलाच लिहायला हवं. तळटीपेत नको."

"वरच लिहा," ते म्हणाले.

निष्कर्ष

सारांश लिहायचं काम माझ्याकडे आलं. एवढंसं लिहायला मला महिनाभर लागला, कारण प्रत्येक शब्द थोडा जास्त बोलायचा. शेवटी जे राहिलं ते साध्या भाषेत असं. उपचार घेतलेली माणसं, सरासरी बघितली तर, आपापल्या जोडीदारांपेक्षा लवकर यंत्रावरून सुटली आणि लवकर चालायला लागली. सगळ्याच जोड्यांत असं झालं नाही. जिवाला धोका कमी झाला की नाही हे ठामपणे सांगता येत नाही, कारण जोड्या थोड्या आहेत. फार वयस्कर आणि उशिरा आलेल्यांना हे लागू होईल असं धरू नये. आणि जे आम्ही मोजलंच नाही, म्हणजे उदाहरणार्थ कुणाच्या उशाशी कोण बसलं होतं, त्याचा फरक यात किती, ते आम्हाला माहीत नाही.

काम संपल्यावर मी सबनीसांना विचारलं, "माझी जोडी कुठली?"

"तुमची जोडी उलटी आहे, मॅडम. तुमच्या जोडीदार बाईंना उपचार मिळाला नव्हता. त्या तुमच्याआधी चालायला लागल्या."

मलकापूर

मला तिला भेटायचं होतं. सबनीसांनी तिकडच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तिला विचारलं, आणि तिनं निरोप धाडला, या म्हणून. शालन तिचं नाव. कराडला लागून मलकापूरला घर, नवरा फौजेत, सीमेवर. घरी दोन म्हशी, दीर-जाऊ. ती दारातच उभी होती. माझ्याच वयाची, माझ्याहून उंच.

"या," ती म्हणाली. "तुमीच व्हय माझ्यासारख्या?"

आम्ही दोघी एकदमच एकमेकींच्या पायांकडे बघितलं, आणि मग हसलो.

चहा तिच्या जावेनं केला. शालननं कप दोन्ही तळव्यांत धरला. बोटं तिची नीट मिटत नव्हती. "पाय लवकर आलं," ती म्हणाली. "पर ही बोटं अजून आली न्हाईत. धार काढाय बसत न्हाई मी आता. पोलक्याची बटनं जाऊ लावती." मी तिला माझे तळपाय दाखवले. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. "कळतंय?" "थोडं." "मला समदं कळतंय," ती म्हणाली, जरा समाधानानं.

यंत्रावर असताना तिनं काय ऐकलं ते तिनं सांगितलं, मी काय ऐकलं ते मी सांगितलं. चादरीच्या घडीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आगं बया. तुमाला बी?" इतक्या वर्षांत ते मी कुणाला पटवू शकले नव्हते.

मग तिनं विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. मला ते सांगलीचं दिलं असतं तर ही बोटं सुदरली असती का? दीर न्हेतो म्हणत हुतं. डागदर म्हणालं, हितंच ऱ्हाऊ द्या. दिराला अजून वाटतंय, न्यायला पायजे हुतं."

मी तिच्याकडे ज्यासाठी आले होते तेच ती मला विचारत होती.

"नाही सांगता येत," मी म्हटलं. "पुष्कळ जणांचं मिळून सांगता येतं. एकीचं नाही. तुम्ही त्या वाटेनं गेलाच नाहीत, मी या वाटेनं आले नाही. तुम्ही माझ्यासारख्या आहात, पण तुम्ही म्हणजे मी नाही."

शालननं कप खाली ठेवला. "म्हंजी दिराला सांगू का, की त्यात तुमचं काय चुकलं न्हाई म्हणून?"

"सांगा," मी म्हटलं. "डॉक्टरांचंही चुकलं नाही, हेही सांगा."

घरी

प्रकाशनी विचारेपर्यंत मी थांबले. जेवताना त्यांनी विचारलं, "भेटलीस? कशी आहे?"

"चालते. माझ्याआधी चालायला लागली."

त्यांचा घास हातात राहिला. "उपचाराशिवाय?"

"उपचाराशिवाय. बहुतेक जोड्यांत उलट आहे, उपचारवाले आधी चालले. पण आमच्या जोडीत हे असं आहे."

"मग मी तुला नेलं ते बरोबर होतं का नव्हतं?"

"त्या दिवशी तुमच्यापुढे जे होतं त्यावरून बरोबर होतं. पण तुम्ही नेलंत म्हणूनच मी वाचले, असं मला म्हणता येणार नाही. आणि दादांनाही म्हणता येणार नाही की इथे ठेवली असती तर जास्त चांगलं झालं असतं. दोघांनाही कळायला मार्ग नाही. कधीच."

ते पानावरून उठले. हात धुऊन बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं. ज्या हातांनी त्यांनी मला सांगलीपर्यंत नेलं त्या हातांची एवढीच कमाई होती.

रविवारी सकाळी ते म्हणाले, "चल, रहिमतपूरला जाऊन येऊ."

दादा सोप्यात बसले होते. आम्हाला बघून त्यांनी नुसतं "या" म्हटलं. आत्या आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. प्रकाश समोर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. शालनचं, जोड्यांचं, अण्णांचं. शेवटी म्हणाले, "दादा, तू म्हणत हुतास त्यात बी दम हुता. मी गावभर उलटं सांगत फिरलो."

 दादा माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"तिकडं बर्फात एक पोरगं हुतं. आपल्याच कोरेगाव तालुक्यातलं. छातीला लागल्यालं. वरनं हुकूम आला, खाली न्या. मी गाडीत हुतो त्येच्याजवळ. वाटंत गेलं. माझ्या मांडीवर. वर तंबूतच ठेवलं असतं तर जगलं असतं का, का तिथंबी गेलंच असतं... अजून कळंना मला. त्येच्या आईला भेटाय गेलो न्हाई कवाच."

हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्यांनाही नाही. आत्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं.

 त्या मुलासारखा दुसरा कुणी मला शोधून देता आला नसता. प्रकाश समोरून उठले आणि दादांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असे जाऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नाव काय हुतं रं त्येचं?"

दादांनी नाव सांगितलं.